आजोबांची गाडी पुन्हा रस्त्यावर: वारशाने आलेली जुनी गाडी मूळ पार्टसह कशी उभी करावी

मराठवाड्यात अजून कितीतरी मळ्यांत, गोठ्यांत, बंद पडलेल्या जिनिंगच्या आवारात जुन्या गाड्या उभ्या आहेत. वर कडबा रचलेला, टायर मातीत रुतलेले, बोनेटवर कोंबड्या बसलेल्या. मालक जाऊन वर्षं झाली, मुलं पुण्याला गेली. मग कधीतरी वाटण्या होतात आणि ती गाडी एखाद्या नातवाच्या वाट्याला येते, कारण दुसऱ्या कुणी ती मागितलेली नसते. भंगारवाला तीनदा येऊन जातो, पण नातवाला ती देववत नाही. हा लेख त्या नातवासाठी, आणि अर्थातच नातीसाठीही आहे.

माझी गाडी १९७३ ची प्रीमियर प्रेसिडेंट. आजोबा सेलूला डॉक्टर होते आणि आसपासच्या खेड्यांतल्या व्हिजिटा याच गाडीने करायचे. त्यांच्यामागे ती एकोणीस वर्षं मळ्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. ती पुन्हा रस्त्यावर यायला मला सव्वातीन वर्षं लागली. त्यातलं निदान एक वर्ष सुरुवातीच्या चुका निस्तरण्यात गेलं. ते वर्ष तुमचं वाचावं, एवढ्यासाठी हे सगळं क्रमाने सांगतो.

थोडं गाडीच्या कुळाबद्दल. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स सुरू केली आणि कुर्ल्याच्या कारखान्यात पुढे इटलीच्या फियाटच्या गाड्या बनू लागल्या. १९६४ मध्ये फियाट ११०० डिलाइट आली, काही वर्षांनी तिचंच नाव प्रेसिडेंट झालं आणि १९७४ मध्ये पद्मिनी. नावं बदलली, पण इंजिनाचा मूळ पिंड तोच राहिला: १०८९ सीसी, चार सिलिंडर, ६८ मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) आणि ७५ मिलिमीटर स्ट्रोक (पिस्टनची चाल). म्हणून या गाड्यांचे आतले बरेचसे पार्ट एकमेकींना चालतात. बाहेरच्या जाळ्या, दिवे, मोनोग्राम (नावाचे बिल्ले) मात्र वर्षागणिक बदलत गेले, आणि फसगत होते ती तिथेच. तुमच्याकडे अँबॅसिडर किंवा जीप असेल तरी कामाचा क्रम हाच राहील.

पहिली पायरी: सेल्फ मारू नका

गाडी हातात आली की सगळ्यांना एकच घाई असते. बॅटरी लावायची, चार पोरं बोलावून धक्का मारायचा, आवाज ऐकायचा. तेवढं करू नका. वर्षानुवर्षं उभ्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीला गंजाने चिकटलेल्या असतात. जबरदस्तीने फिरवलं तर रिंग तुटते, बोअरला ओरखडा पडतो, आणि जे इंजिन नुसतं साफ करून चाललं असतं ते लेथवर न्यावं लागतं.

आधी काठीने बोनेट आणि डिक्की आपटा. मळ्यातली गाडी असेल तर आत साप असू शकतो, हे मी गमतीने सांगत नाही. मग उंदरांची घरटी काढा. एअर क्लीनरमध्ये, सायलेन्सरच्या तोंडात, सीटखाली, हीटरच्या पोकळीत ती हमखास सापडतात. चारही प्लग काढा आणि प्रत्येक भोकातून दोन-तीन चमचे निम्मं डिझेल, निम्मं इंजिन ऑइल असं मिश्रण आत सोडा. आठ दिवस हात लावू नका. नंतर प्लग बाहेरच ठेवून क्रँकच्या पुलीच्या नटाला लांब पाना लावा आणि हळूहळू पुढे-मागे हलवून बघा. नाही हललं तर पुन्हा तेल, पुन्हा आठ दिवस. माझं इंजिन तिसऱ्या आठवड्यात हललं. त्या संध्याकाळी घरात पेढे वाटले.

दुसरी पायरी: कागद आणि घरचे

शेताचा फेरफार करतो तसा गाडीचाही करावा लागतो. नोंदणीकृत मालक गेल्यावर वारसाने तीस दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून गाडी आपल्या नावावर मागायची असते. आपल्याकडे हे वीस-वीस वर्षं राहून गेलेलं असतं. तरी मार्ग बंद होत नाही. मृत्यूचा दाखला, वारसाचे कागद, बाकीच्या वारसांची संमती आणि चेसिस नंबरचा पेन्सिलने घेतलेला छाप एवढी तयारी ठेवा. आरसी बुक हरवलं असेल तर दुय्यम प्रतीसाठी फॉर्म २६ आहे.

बाकीच्या वारसांची संमती कागदावर घ्यायची हे खरंच, पण त्याआधी त्यांच्या घरी जाऊन बसा. मी गेलो नाही. गाडी उघडून झाल्यावर आत्याचा फोन आला, "अण्णांच्या गाडीचे तू तुकडे केलेस म्हणे?" त्यात तिचं काही चुकलं नव्हतं. त्या गाडीत बसून ती सासरी गेली होती. रविवारी जाऊन मी तिला सगळं समजावलं. तिने कपाटातून एक पाकीट काढलं. त्यात आजोबांची सर्व्हिसची बिलं होती, आणि लग्नातला एक फोटो, ज्यात गाडीची पुढची जाळी स्पष्ट दिसते. पुढे मोनोग्रामवरून वाद झाला तेव्हा तो फोटोच कामाला आला.

गाडी पंधरा वर्षांची झाली की भंगारात घालावी लागते, असं आपल्याकडे अनेकांना वाटतं. तसा नियम दिल्ली आणि भोवतालच्या प्रदेशासाठी झाला, त्याच्या बातम्या इथे आल्या आणि लोकांनी तोच आपला नियम धरला. महाराष्ट्रात खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनंतर फॉर्म २५ भरून, गाडी तपासून घेऊन, पर्यावरण कर भरून पुढे पाच-पाच वर्षांसाठी वाढवता येते. फी आणि उशिराचा दंड बदलत असतो, तो परिवहनच्या संकेतस्थळावर त्या दिवशी बघून घ्या.

गाडी पन्नास वर्षांहून जुनी असेल तर आणखी एक वाट आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं पूर्ण झालेली, स्वतःच्या वापराची दुचाकी किंवा चारचाकी त्यात बसते. नवी नोंदणी २०,००० रुपये, फेरनोंदणी ५,००० रुपये, आणि मुदत दहा वर्षं. ज्या गाडीला आधीचा नंबर आहे तिला तो ठेवता येतो. १९८९ नंतर एमएच-२० किंवा एमएच-२२ असे नंबर आले, त्याआधीची तीन अक्षरांची पाटी तुमच्या गाडीवर असेल तर तो नंबर जपा. या नोंदणीवर गाडी रोज फिरवता येत नाही. रॅली, प्रदर्शन, संशोधन, पेट्रोल भरणं आणि देखभाल एवढ्यासाठीच ती रस्त्यावर काढायची असते. आणि नियमातली महत्त्वाची अट अशी की चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेली गाडी त्यात बसत नाही. मूळपणा ही नुसती हौस नाही, इथे ती कायद्याची अट झाली आहे.

त्यामुळे इंजिन नंबर आणि चेसिस नंबर आरसीशी ताडून बघण्याचं काम पार्टवर एक रुपयाही घालण्याआधी करा. आपल्या भागात पेट्रोलची गाडी मध्येच डिझेल करून घ्यायची पद्धत होती. तसं झालं असेल आणि कागदावर अजून पेट्रोलच असेल, तर आधी आरटीओत विचारा, मग पाना उचला.

तिसरी पायरी: उघडण्याआधी फोटो, उघडल्यावर डबे

माझी सगळ्यात महाग चूक इथली. पहिल्या गॅरेजमध्ये गाडी दिली तेव्हा मी म्हटलं, "काढा सगळं, नवीन टाकू." पंधरा दिवसांनी गेलो तर काचांभोवतालच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या आणि त्या धरून ठेवणाऱ्या क्लिपा जागेवर नव्हत्या. वाकड्या होत्या म्हणून टाकून दिल्या, असं सांगितलं. वाकडी पट्टी सरळ करता येते, टाकून दिलेली परत येत नाही. तसल्या क्लिपा मिळवायला मला चौदा महिने लागले.

मूळ पार्टचा सगळ्यात मोठा साठा म्हणजे तुमची स्वतःची गाडी. तिच्यातून निघालेला एकही तुकडा, मग तो सडका, वाकडा, फुटका कसाही असो, गाडी पूर्ण होईपर्यंत घराबाहेर जाऊ देऊ नका. सडकी बीडिंग (काचा-दारांच्या कडेची रबरी पट्टी) नव्या बीडिंगचा नमुना असते. तुटका नॉब साच्यासाठी लागतो.

काढण्याआधी प्रत्येक भागाचे दोन फोटो घ्या, एक लांबून आणि एक जवळून. वायरिंगचे जास्त. नट-बोल्ट बिस्किटांच्या डब्यांत किंवा झाकणाच्या पिशव्यांत ठेवा आणि आत चिठ्ठी टाका: "डावं पुढचं दार, वरचा बिजागर, वायसरसकट." बाहेरून चिकटवलेली चिठ्ठी मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये गळून पडते, म्हणून ती आतच टाका.

पान्यांबद्दल एक सूचना. फियाटचं मूळ डिझाइन इटलीचं, त्यामुळे तिचे बोल्ट मिलिमीटरचे: १०, १३, १७, १९. अँबॅसिडर इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डवरून आलेली आणि जीप अमेरिकेची, या दोन्हींना इंची पाने लागतात. मिलिमीटरचा पाना इंची नटावर जरा सैल बसतो आणि कडा गोल करून टाकतो. मूळ नट असा घालवू नका.

चौथी पायरी: आधी थांबणं, मग चालणं

नवशिका माणूस रंगापासून सुरुवात करतो, कारण रंग दिसतो. रंग शेवटी. आधी ब्रेक, मग पाणी, मग पेट्रोल, मग करंट, आणि या सगळ्यानंतर इंजिन उघडायचं की नाही याचा निर्णय.

ब्रेकच्या बाबतीत मी मूळपणाचा हट्ट धरत नाही. चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत आणि ते तसेच ठेवा, पण रबरी होज पाइप, मास्टर सिलिंडर आणि व्हील सिलिंडरमधले रबरी कप सरसकट नवे. सिलिंडरला आतून खड्डे पडले असतील तर स्लीव्ह बसवून घ्या, म्हणजे बाहेरचं मूळ ओतकाम टिकतं. लायनर झिजले असतील तर जुन्या ब्रेक शूंनाच नवं लायनिंग लावून मिळतं. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असतं, तेव्हा ड्रममधली धूळ हवेने उडवू नका. ओल्या फडक्याने पुसा आणि तोंडाला चांगला मास्क बांधा. टायर कितीही धड दिसले तरी दहा वर्षांपलीकडचे वापरू नका. रबर आतून कडक झालेलं असतं आणि आपल्या उन्हात तापलेल्या रस्त्यावर ते फुटतं.

पाण्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण हे दुखणं खास आपलं आहे. मराठवाड्यात बोअरचं पाणी जड, क्षारांचं. घरच्या पातेल्याच्या तळाशी जो पांढरा थर बसतो, तोच पन्नास वर्षं रेडिएटरच्या नळ्यांत आणि इंजिनाच्या पोटात बसत आलेला आहे. गाडी उन्हाळ्यात तापते म्हणून लोक पंखा बदलतात, थर्मोस्टॅट काढून फेकतात. मूळ कारण तो थर असतो. रेडिएटर मूळचा तांब्या-पितळेचा असेल तर नवा ॲल्युमिनियमचा घेऊ नका. जुन्या रेडिएटर मिस्त्रीकडे तो न्या. तो वरची आणि खालची टाकी डाग (सोल्डरचा जोड) सोडवून काढतो, नळ्यांतून सळई फिरवतो आणि पुन्हा डाग देऊन जोडतो. इंजिनाच्या ब्लॉकला बाजूने गोल पत्र्याची बुचं असतात, तीही काढा. माझ्या ब्लॉकमधून मागच्या सिलिंडरभोवतीचा गाळ स्क्रू ड्रायव्हरने खरवडून काढला, तो घमेलं भरेल एवढा निघाला. थर विरघळवायला लिंबाच्या फुलाचं (सायट्रिक ॲसिडचं) पाणी चालतं, पण हेड ॲल्युमिनियमचं आहे, तेव्हा ते काढून मगच. पुढे बोअरचं पाणी कायमचं बंद. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट, एवढंच.

पेट्रोलची टाकी खाली उतरवा. आत डांबरासारखा थर आणि गंज असणार. टाकीला वेल्डिंग करायचं असेल तर ती आधी वाफेने पूर्ण धुऊन घ्यावीच लागते. रिकाम्या टाकीतली पेट्रोलची वाफ पातळ पेट्रोलपेक्षा घातक असते, आणि वीस वर्षांनीसुद्धा ती उरलेली असू शकते. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. त्या काळचं रबर त्याला टिकत नाही, फुगतं आणि गळतं. इथेनॉल पाणीही ओढून घेतं, मग टाकी आतून पुन्हा गंजते. म्हणून एसी पंपाचा (टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या पंपाचा) पडदा, पेट्रोलच्या नळ्या आणि कार्बोरेटरचं किट इथेनॉलला चालणाऱ्या रबराचं मागा, आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकीत पेट्रोल शिळं होऊ देऊ नका. सोलेक्सचा मूळ कार्बोरेटर मात्र जपा. जेटमध्ये तार घालू नका, भोक मोठं होतं. पेट्रोलमध्ये भिजवून हवा मारली की पुरतं.

करंटचं काम सोपं आहे. डेल्कोचे (प्लगना करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरचे) पॉइंट घासा, कॅप आणि रोटर तपासा, फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-३-४-२. नव्या कंडेन्सरपेक्षा जुना चालू कंडेन्सर बरा, हा माझा अनुभव. डायनामो असेल तर तो काढून अल्टरनेटर बसवा, असं सगळे सांगतील. माझं मत नको असं आहे. डायनामो पुन्हा भरून घेता येतो, त्याचं चार्जिंग सांभाळणारं कटआउट सेट होतं, आणि रात्रीचा लांबचा प्रवास या गाडीने करायचाच कशाला?

आता इंजिन. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजा. चारही सिलिंडर एकमेकांच्या जवळ असतील आणि ऑइलचं प्रेशर ठीक असेल तर इंजिन उघडू नका. आमच्या उस्तादांनी साठीतही हाताने गाड्या बांधल्या. ते प्लग काढून भोकावर अंगठा धरायचे आणि म्हणायचे, "बेटा, ये इंजन सोया है, मरा नहीं. इसकू मत चीरो." उघडावंच लागलं तर बोअर आधी मोजून घ्या. किती साइज वाढवायचा ते मोजल्यावर ठरतं, लेथवाल्याच्या सवयीवर नाही. ॲल्युमिनियमचं हेड तापून वाकलेलं असू शकतं, त्याचा फेस (खालची सपाट बाजू) तपासा. आणि २००० पासून देशात शिसं नसलेलंच पेट्रोल मिळतं, तेव्हा व्हॉल्व्ह सीट झिजल्या असतील तर कठीण धातूच्या बसवा.

पाचवी पायरी: पार्ट शोधायला कुठे जावं

परभणी, जालना, नांदेडच्या माणसाचं एक भाग्य आहे. देवगिरी एक्सप्रेस एका टोकाला मुंबई आणि दुसऱ्या बाजूला सिकंदराबाद गाठते, म्हणजे जुन्या पार्टच्या दोन मोठ्या बाजारांना आपण एकाच गाडीने जोडलेलो आहोत. मुंबईत ऑपेरा हाउसकडे नवा माल विकणारी जुनी दुकानं आहेत, कुर्ल्याला उघडलेल्या गाड्यांचा माल आणि चोर बाजारात मोनोग्राम, घड्याळं, दिवे अशा सुट्या वस्तू. पुण्यात नाना पेठ. उत्तरेला दिल्लीचं काश्मिरी गेट, दक्षिणेला चेन्नईचं पुदुपेट. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ रोजी सेवेतून गेली. इतकी वर्षं टॅक्सीमुळे या पार्टना रोजचं गिऱ्हाईक होतं, ते आता राहिलं नाही. दुकानदार जागा मोकळी करायला बघतात, तेव्हा उशीर करू नका. टॅक्सीतून निघालेला माल घेताना मात्र नीट बघा, तो खूप चाललेला असतो आणि अनेकदा त्यावर लोकल काम झालेलं असतं.

पण त्याआधी आपल्या गावात फिरा, हे मी आग्रहाने सांगतो. तालुक्याच्या गावातली जुनी स्पेअर पार्टची दुकानं अजून आहेत. मुलगा आता ट्रॅक्टरचे पार्ट विकतो, पण वरच्या फळीवर वडिलांच्या काळचे पिवळे पडलेले खोके तसेच असतात. मला सेल्फचं बेंडिक्स (सेल्फ मारताना इंजिनात अडकणारं दातेरी चाक) अशाच एका दुकानात मिळालं, मेणकागदात गुंडाळलेलं, खोक्यावर लुकास-टीव्हीएस छापलेलं. मालक म्हाताऱ्याने ते हातात घेऊन बघितलं आणि म्हणाला, "डाक्टरसाहेबांची गाडी का? मग भाव नको करू, चहा घे." भंगारवाल्यांशीही ओळख ठेवा. आपल्या भागातलं बरंचसं लोखंड जालन्याच्या स्टीलच्या भट्ट्यांत वितळतं. एखादी फियाट तिकडे जायच्या आधी एक फोन तुम्हाला आला, तर अख्खी दुसरी गाडी पार्टसाठी मिळते. मी दोन दारं आणि डिक्कीचं झाकण असंच मिळवलं.

माल पारखायचा कसा? बाजारात जाताना जुना पार्ट सोबत न्या, फोटो पुरत नाही. हातात दोन्ही घेऊन वजन बघा, नकली माल बहुधा हलका असतो. ओतकामावरची अक्षरं बघा. मूळ पार्टवर लुकास-टीव्हीएस, मायको, सोलेक्स अशी नावं ठसठशीत उठलेली असतात, नकलेवर ती पुसट असतात किंवा अक्षरांचं वळण वेगळं असतं. व्हर्निअर (बारीक मापं घ्यायचं साधन) खिशात ठेवा आणि बोल्टच्या भोकांमधलं अंतर दुकानातच मोजा. शक्य झालं तर कंपनीचं पार्ट कॅटलॉग मिळवा. त्यातला पार्ट नंबर सांगितला की जुना दुकानदार लगेच ओळखतो की गिऱ्हाईक अभ्यास करून आलंय, आणि भावही सरळ सांगतो.

जुना पण न वापरलेला कंपनी माल मिळाला की आनंद होतो, पण एक भेद कायम ध्यानात ठेवा. धातू, काच, प्लास्टिकची नॉब, दिवे, मीटर हे जुन्या साठ्यातले घ्या. रबर कधीही जुन्या साठ्यातलं घेऊ नका. चाळीस वर्षं खोक्यात पडलेला ब्रेकचा कप नवा दिसतो, पण तो मेलेला असतो. बीडिंगही हल्लीच्या रबराची, जुन्या नमुन्यावरून करून घेतलेली चांगली.

जे कुठेच मिळत नाही ते करून घ्यावं लागतं, आणि इथे मराठवाड्यासारखी सोय थोड्याच ठिकाणी आहे. छत्रपती संभाजीनगरला वाळूज आणि चिकलठाणा एमआयडीसीत गाड्यांच्या कारखान्यांना माल पुरवणारी छोटी मशीन शॉप आहेत. पितळी बुश, पिन, स्पेसर असलं काम ते नमुन्यावरून चोख करतात. एक-दोन नगांसाठी नाही म्हणतात, तेव्हा शनिवारी दुपारी जा आणि गाडीचा फोटो दाखवा. बंपरच्या क्रोमला आधी तांबं, मग निकेल, मग क्रोम असे तिन्ही थर मागा. नुसता चमकदार थर दोन पावसाळ्यांत सोलतो. दारांच्या हँडलचा धातू जस्ताचा ओतीव असतो, त्याला फोड आले असतील तर घासणाऱ्याला आधीच सांगा. जास्त घासलं की आकार जातो.

सहावी पायरी: पत्रा, रंग आणि आतलं सामान

आपली हवा कोरडी. कोकणातल्या गाडीला खारी हवा खाऊन टाकते, आपल्याकडे पत्रा बराच टिकतो. तरी पाय ठेवायची जागा, डिक्कीचा तळ, दारांच्या खालच्या कडा आणि जॅक लावायची जागा टोच्याने टोचून बघा. फियाटला वेगळी चेसिस नाही, सगळी बॉडी मिळून भार पेलते. त्यामुळे तळ सडला तर तो कापण्याआधी गाडीला खालून आणि दारांच्या चौकटीत आधार द्या, नाहीतर दारं परत बसत नाहीत. सडलेला भाग कापून त्याच जाडीचा पत्रा सीओटू वेल्डिंगने जोडा. डेंटर भोकावर लांबी (पुट्टी) भरून गुळगुळीत करून देईल, ती पुढच्या वर्षी फुगेल.

मूळ रंग कळायला मागच्या सीटखाली, डॅशबोर्डच्या पाठीमागे आणि डिक्कीच्या पुठ्ठ्याखाली बघा. ऊन न लागलेला रंग तिथे जसाच्या तसा असतो. आमची गाडी सगळ्यांना पांढरी आठवत होती, सीटखाली ती फिकट निळी निघाली. आत्याला विचारलं तर म्हणाली, "हो की, पांढरी तर माझ्या लग्नानंतर केली." आम्ही निळीच ठेवली. रंगाचं काम दिवाळीनंतर ते माघापर्यंत करा. पावसाळी दमट हवेत जुन्या पद्धतीच्या एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंगावर पांढरट छटा येते, आणि उन्हाळ्यात वावटळीची धूळ ओल्या रंगावर बसते.

सीटच्या स्प्रिंगा आणि काथ्या शक्यतो जुनेच ठेवा, वरचं रेक्झिन तेवढं त्याच रंगाचं आणि त्याच शिलाईचं करून घ्या. मला कुणीतरी हिमरूचं कापड सुचवलं होतं, आपल्या भागाची ओळख म्हणून. हिमरूवर माझं प्रेम आहे, पण कुर्ल्याच्या कारखान्यातून ही गाडी हिमरू लेवून निघाली नव्हती.

सातवी पायरी: पहिले शंभर किलोमीटर

पहिल्यांदा चालू झाल्यावर गाडी गावाबाहेर नेऊ नका. आधी जागेवर वीस मिनिटं चालवून पाणी, ऑइल, पेट्रोल कुठे गळतं ते खाली वाकून बघा. हेड उघडलं असेल तर मॅन्युअलमध्ये सांगितल्याप्रमाणे त्याचे नट पुन्हा कसा. मग पाच किलोमीटर आणि परत. चारही ड्रमवर हात धरा. एखादा बाकीच्यांपेक्षा तापला असेल तर तिथला ब्रेक सुटत नाही. पहिल्या शंभर किलोमीटरमध्ये सोबत पाण्याचा कॅन, फॅन बेल्ट, पॉइंटचा एक सेट आणि आग विझवायचं छोटं सिलिंडर ठेवा.

एक वही करा. तारीख, किलोमीटर, काय बदललं, पार्ट कुठून आला, जुना पार्ट कोणत्या डब्यात आहे. माझ्या वहीचं पहिलं पान आजोबांच्या शेवटच्या सर्व्हिसच्या बिलाचं आहे, तेच आत्याच्या पाकिटातलं. दुसऱ्या पानावर माझ्या अक्षरात लिहिलंय: ऑइल बदललं, पॉइंट घासले, सेलू ते मळा, आत्या पुढे बसली, मागचा उजवा ब्रेक किंचित धरतो, बघायचा आहे.